एका काचेवर दोघी

आताची पोरं जन्मायच्या आधीच त्यांचे फोटो निघतात. पोट तपासताना काढलेलं ते करडं चित्र बाप फोनमध्ये घेऊन हिंडतो आणि भेटेल त्याच्या नाकापुढे धरतो, "बघा बघा, नाक अगदी माझ्यावर गेलंय!" नाक कसलं, ढग दिसतात नुसते. पुढे पोर शिंकलं की फोटो, जांभई दिली की फोटो. काढा बापडे, आपलं काय जातंय! पण उद्या फोटो काढायचाय म्हणून आदल्या संध्याकाळी नखं कापून घ्यायची, सकाळी आईने ओल्या हाताने भांग असा चापून बसवायचा की भुवया वर ताणल्या जाव्यात, वाटेत चिखलात पाय पडला तर पाठीत धपाटा, आणि एवढं करून उभ्या बालपणात फोटो निघायचे दोन नाहीतर तीन, हे आता कुणाला सांगून खरं वाटायचं नाही.

ज्यांना खरं वाटतं, त्यांच्यातल्या निम्म्यांचं बालपण हलूनके मामांच्या कॅमेऱ्यातून गेलेलं आहे.

हलूनके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव स्टुडिओच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला मान वर करावी लागे आणि जिना चढताना सगळ्यांचं लक्ष पायाखाली. स्टेशनसमोर सायकलच्या दुकानावर एक लांबट खोली, आणि तिथे नेणारा लाकडी जिना अर्ध्यात असा वळायचा की जाड माणसाने तिथे थांबून जरा विचार करावा. वर पोचायच्या आधीच आतून आवाज यायचा, "हलू नका! हलू नका म्हणतो ना! आता हललात तर फोटोत भूत दिसेल, मग माझ्या नावाने बोंबलू नका!" पोरांनी त्याचंच आडनाव करून टाकलं. मामांना कळलं तेव्हा ते आधी भडकले. मग कुणीतरी मामींनाच तोंडावर "हलूनके मामी" म्हणालं आणि मामी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. तेव्हा मामांचाही नाइलाज झाला.

माणूस तसा तिरसट. "जरा हसा" असं ते कुणाला कधीच म्हणाले नाहीत. म्हणायचे, "हसायचं असेल तर खाली जिन्यात हसून या. इथे तोंड स्थिर ठेवा." त्यांचंही खरंच होतं. तीन पायांवर उभा असलेला तो लाकडी कॅमेरा, त्याचा तो भाता, आत फोटो उमटायची काच. उजेड कमी असला की त्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागे, आणि एवढा वेळ खोटं हसू कुणाच्या तोंडावर टिकायचंय? मोठ्यांसाठी स्टुडिओत एकच कोट होता. बारीक माणसाला तो मागून कपड्यांचे चिमटे लावून बसवत. पुढून साहेब आणि मागून वाळत घातलेलं धुणं! गावातल्या कितीतरी घरांत भिंतीवर तो एकच कोट वेगवेगळ्या चेहऱ्यांखाली लटकलेला असायचा आणि कुणी कुणाला त्याबद्दल बोलायचं नाही.

पोरांची बाजू मामींकडे. पावडर, कंगवा, रडणाऱ्यासाठी पुठ्ठ्याची पिपाणी. मामी पोराला तयार करून बाकावर बसवायच्या, मामा काळ्या फडक्यात डोकं खुपसायचे, आणि पोराच्या छातीत धडधड सुरू व्हायची.

पण हलूनके मामांच्या स्टुडिओची खरी मजा फोटो काढण्यात नव्हती. ती होती नंतर. दुसऱ्या कुठल्याही स्टुडिओत नसलेला एक रिवाज मामांनी चालवला होता. ज्या पोराचा फोटो, त्याने आपला चेहरा येताना बघायचा. मोठ्यांना नाही. एकदा एका वकिलांनी हट्ट धरला तर मामा म्हणाले, "तुम्ही रोज आरशात येता, तेवढं पुरे." पोरांना मात्र एकेकट्याने अंधारखोलीत बोलावणं यायचं. दार लागायचं. लाल दिवा. आंबूस, नाकात झोंबणारा वास. स्टुलावर उभं राहायचं आणि समोरच्या ट्रेमध्ये पाण्याखाली एक कोरा, पांढराफटक कागद.

"यात तर काहीच नाही," प्रत्येक पोर म्हणायचंच.

"गप. बघ."

मामा ट्रे हलकेच झुलवायचे. काही नाही. मग कागदाच्या कोपऱ्यात धूर बसल्यासारखं काहीतरी. मग केस. मग, कुठून आले ते कळायच्या आत, दोन डोळे. आणि ते डोळे खालून सरळ तुमच्याकडे बघायचे! भल्याभल्यांची तिथे बोबडी वळायची. सगळ्या गल्लीला पिडणारा एक द्वाड पोरगा मामांच्या सदऱ्याला लोंबकळला होता. एका मुलीने विचारलं होतं, "मामा, मी याच्या आधी कुठे होते?" खरं सांगायचं तर इतकी वर्षं रोज तेच करूनही डोळे वर येताना मामांचाही श्वास थांबायचा. ते मामींना म्हणायचे, "मी नुसता ट्रे हलवतो गं. बाकीचं कोण करतं देव जाणे."

अशात एका सकाळी टिचकीला घेऊन तिची माणसं आली. टिचकी म्हणजे पाच वर्षांची, नावाप्रमाणेच एवढीशी. तिचे बाबा पुढे, मागे आत्या, आणि आत्याचा हात घट्ट धरून टिचकी. आई सर्वांत शेवटी, जिन्याच्या वळणावर थांबत थांबत. गडद निळी शाल खांद्यांवरून घट्ट लपेटलेली, तोंडावर रुमाल. आई वर आली तशी आत्याने टिचकीला दोन पावलं मागे ओढलं. टिचकीला त्याचं काही वाटलं नाही. तिला सवय झाली होती.

बाबांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं. छातीचा आजार. डॉक्टरांनी पोरीला जवळ येऊ द्यायचं नाही म्हणून बजावलंय. पोर कितीतरी महिने आत्याजवळ झोपते. आज दुपारच्या गाडीने हिला डोंगरावरच्या दवाखान्यात नेतोय. किती दिवस लागतील, डॉक्टर सांगत नाहीत. "दोन फोटो हवेत. एक हिचा, पोरीजवळ ठेवायला. एक पोरीचा, हिला बरोबर न्यायला."

"दोघींचा मिळून..." मामा बोलायला लागले आणि बाबांचा चेहरा बघून थांबले.

आई बाकावर बसली. तिने रुमाल खाली घेतला, दोन्ही हात गुडघ्यांवर बाजूला ठेवले आणि फडक्यात शिरणाऱ्या मामांना म्हणाली, "दादा, चांगला काढा हं. लहान आहे हो ती. विसरून जाईल मला." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. मामी पावडरचा डबा हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या.

मामांनी बाकामागचा काळा पडदा नीट केला. कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर आई उलटी दिसत होती, डोकं खाली, पाय वर, या कॅमेऱ्यात सगळे दिसायचे तशीच. मामांनी काचेची चपटी पेटी कॅमेऱ्यात सरकवली. या पेटीला दोन बाजू, दोन्हीकडे एकेक कोरी काच. एक फोटो झाला की पेटी काढायची, उलटायची, दुसरी बाजू पुढे. चूक होऊ नये म्हणून मामा प्रत्येक फोटोनंतर स्वतःलाच मोठ्याने हुकूम द्यायचे, "फिरव!" इतक्या वर्षांत तो हुकूम कधी चुकला नव्हता.

"हलू नका," मामा म्हणाले. पण त्या दिवशी ओरडून नाही.

आईला खोकला येत होता. तो तिने दाबून धरला होता. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, डोळे भरले होते, पण ती हलली नाही. मामांनी कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला, मनात मोजलं, सोडला. त्याच क्षणी आईला असा खोकला फुटला की ती बाकावर दुमडली. मामी पाण्याकडे धावल्या, बाबा आईकडे, आणि मामांनी पेटीचं झाकण कसंबसं सरकवून खुर्ची ओढली. खोकला जरा थांबल्यावर बाबांनी आईला धरून जिन्याने खाली नेलं आणि समोर स्टेशनात बसवलं.

मग टिचकी. मामींनी बाक पुसून घेतला, टिचकीच्या पांढऱ्या फ्रॉकची बाही नीट केली. पोर इतकी बुटकी की कॅमेऱ्याची मान खाली वाकवावी लागली असती. मामांच्या कानात अजून तो खोकला होता. त्यांनी कॅमेऱ्याला हात लावलाच नाही. बाकावर मध्यभागी एक खोकं ठेवलं, त्यावर काळं कापड टाकलं आणि त्यावर टिचकीला बसवलं. "हलायचं नाही. श्वाससुद्धा घ्यायचा नाही," ते म्हणाले. टिचकीने गाल फुगवून श्वास धरला आणि डोळे एवढे मोठे केले. फोटो झाला.

"फिरव" हा शब्द त्या सकाळी मामांच्या तोंडून निघालाच नव्हता.

ते त्यांना कळलं काच धुतल्यावर. त्यांनी ओली काच लाल दिव्यासमोर धरली. एका काचेवर दोन माणसं. दुसरी काच धुतली, ती कोरी. मामा भिंतीला टेकले. बाई जिना कशी चढली ते त्यांनी बघितलं होतं. तिला पुन्हा वर आणणं शक्य नव्हतं, आणि गाडीची वेळ जवळ आली होती. एवढ्या गावाचे फोटो काढले, कोटाचे चिमटे लपवले, आणि जिथे चुकायचं नव्हतं नेमकं तिथे शेण खाल्लं! हे त्यांचेच शब्द. मामींनी दारावर टकटक करून विचारलं तर म्हणाले, "संपलं सगळं. बाईला पुसून टाकलं मी."

तेवढ्यात जिन्यावर छोटी पावलं वाजली. बाबा फोटो न्यायला आले होते आणि बरोबर टिचकी होती. तिला रिवाज माहीत होता. शेजारच्या मुलांनी सगळं सांगितलं होतं. ती सरळ अंधारखोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "मामा, मला मी येताना बघायचंय."

नाही म्हणायची मामांची काय बिशाद! त्यांनी तिला आत घेतलं, दार लावलं, स्टुलावर उभं केलं. "टिचके, फोटो बिघडलाय गं," ते म्हणाले, "पण तुझं तोंड येईल थोडंफार." कागदावर काचेतून उजेड पाडला आणि कागद ट्रेमध्ये सोडला.

आधी पडदा आला, काळा. मग त्या काळ्यात एक पांढरा फ्रॉक उरला. मग डोळे आले. दोन डोळे, आणि त्यांच्या वर आणखी दोन. मामांचा हात ट्रेवरच थांबला. काच उजेडात धरून त्यांनी नुसतं नुकसान बघितलं होतं. आता कागदावर चार डोळे, एका जोडीखाली दुसरी जोडी, असे वर येत होते आणि सगळे सरळ बघत होते. टिचकीचे फुगवलेले गाल आले. त्यांच्या मागून आईची हनुवटी आली, भरलेले डोळे आले. आईची गडद शाल काळ्या पडद्यात मिसळून गेली होती आणि त्या काळोखात टिचकी बरोबर आईच्या मांडीवर बसली होती. गुडघ्यांवर ठेवलेले आईचे हात फ्रॉकच्या दोन्ही बाजूंना आले होते. आईने तिला धरलं होतं.

हे आपण केलेलं नाही, एवढंच मामांना कळत होतं.

टिचकी ट्रेवर वाकली. मग अगदी हळू म्हणाली, "मामा, आई मला घेऊन बसलीये."

"हो गं," मामा म्हणाले.

"डॉक्टर रागावतील?"

"नाही रागावणार. त्यांना कुठे दिसतंय?"

बाबांनी फोटो हातात घेतला, बघितला, आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मामा चुकीची माफी मागत होते, पेटी, बाजू, फिरव, काय काय सांगत होते. बाबा म्हणाले, "दोन प्रती द्या. एवढंच करा." ओलसर प्रत घेऊन ते धावतच समोर स्टेशनात गेले. मामींनी वरच्या खिडकीतून बघितलं, गाडीच्या खिडकीत आई कागद दोन्ही हातांनी धरून बसली होती. गाडी हलली तरी तिने मान वर केली नाही.

दुसरी प्रत टिचकीच्या उशाशी लागली. आत्या कधी बाजारात भेटली की सांगायची, पोर येईल त्याला फोटो दाखवते. "मी आईच्या मांडीवर बसले होते," म्हणते. मामांना ऐकून बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. घडलेलं नाही ते आपण पोरीला घडलं म्हणून दिलं, हे त्यांच्या मनातून जाईना. एकदा आत्या म्हणाली, "मामा, काल मी तिला विचारलं, आईचा आवाज कसा गं होता? तर नुसती बघत राहिली हो माझ्याकडे." त्या दिवशी मामांनी कुणावर आवाज चढवला नाही. लोकांना वाटलं, मामांची तब्येत बरी नाही.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला, परत हिवाळा आला. आणि एका दुपारी जिना वाजला. वळणावर न थांबता कुणीतरी वर आलं. दारात एक बाई उभी होती. अंगाने भरलेली, केस कानापर्यंत कापलेले, गालांवर डोंगरातलं ऊन. मामांनी ओळखलं नाही. मग त्यांना निळी शाल दिसली.

"दादा, मी अजून घरी गेले नाही," ती म्हणाली. "ह्यांना पुढे पाठवलंय, तिला इथे घेऊन या म्हणून. घरी गेले आणि ती आत्याच्या मागे लपली तर मला नाही हो सहन व्हायचं. ती मला याच बाकावर ओळखते. मला बसू द्या."

मामांनी काळा पडदा ओढला. आई बाकावर बसली, हात गुडघ्यांवर बाजूला ठेवले. मामी पाणी घेऊन आल्या, ते तिने घेतलं नाही.

बाबा टिचकीला घेऊन आले. सहा वर्षं पुरी झालेली टिचकी दारातच थांबली. बाकावरच्या बाईकडे बघितलं. केसांकडे, गालांकडे. मग मामांकडे वळून तिने विचारलं, "मामा, ह्या कोण?"

आईच्या चेहऱ्याचं जे झालं ते मामींना बघवलं नाही. बाबा काहीतरी बोलायला पुढे झाले, पण मामांनी त्यांना हातानेच थांबवलं. "ये इकडे," ते टिचकीला म्हणाले. तिला उचलून कॅमेऱ्यामागे घेतलं आणि दोघांच्या डोक्यावरून काळं फडकं ओढलं. आत अंधार. समोर घासलेली काच, तिच्यावर एवढीशी, कागदाएवढी बाई, उलटी. काळा पडदा, काळोखात चेहरा, बाजूला ठेवलेले दोन हात, आणि मध्ये मांडी रिकामी.

टिचकीने मान वाकडी केली. आणखी वाकडी केली. मामांच्या हातातच ती जवळजवळ उलटी झाली. मामांनी श्वास धरला होता. पाण्यातून डोळे वर यायची वाट बघताना धरायचे तसाच.

"आई आहे!" टिचकी फडक्यातून ओरडली. "मामा, मी नाहीये त्यात!"

ती त्यांच्या हातांतून सुटली, फडकं डोक्यावरून ओढून काढलं आणि बाकाकडे पळाली. आईने हात पसरले. पण टिचकी तिच्या गळ्यात पडली नाही. ती पाठ करून आईच्या मांडीवर चढली, ताठ बसली, गाल फुगवले, डोळे मोठे केले आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघत राहिली. तिला आईच्या मांडीवर बसायची हीच एक रीत ठाऊक होती. आईने तिला दोन्ही बाजूंनी धरलं आणि डोळे मिटले. खोलीत कुणी हललं नाही.

मग टिचकीच्या कपाळाला आठी पडली.

"आई," तोंड न वळवता ती कुजबुजली, "तू हलतेयस. माझ्या पाठीला लागतंय. हलू नकोस ना!"

"अगं, माझा श्वास चाललाय तो," आई म्हणाली. "चालू दे."

टिचकीने जरा वेळ पाठीने तो श्वास ऐकला. मग आपला धरलेला श्वास सोडला आणि सगळा भार टाकून मागे रेलली.